ॲन्युरिझमच्या संशोधनासाठी देणगी कशी मागावी

मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा (ॲन्युरिझम) फुटून क्लिपिंग किंवा कॉइलिंग, म्हणजे तो फुगा बंद करण्याचा उपचार, झालेला माणूस देणगी मागायला लागला, की समोरचा पहिल्यांदा हेच धरून चालतो की रुग्णालयाचं बिल थकलंय. उपचारासाठी मदतीचे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर रोज येतात, तुमचाही त्यातच जमा होतो. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा: 'माझे उपचार झाले आहेत. हे पैसे मला नकोत, संशोधनासाठी हवेत.'

त्याआधी पैसे कुठे जाणार ते ठरवा. बंगळूरची निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा या संस्थांत उपचाराबरोबर संशोधनही चालतं. पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयाच्या ट्रस्टचा संशोधन विभाग असेल तर तोही चालेल, भेटायला सोपा. देणगी फक्त याच आजाराच्या कामासाठी राखून ठेवाल का, ८०जीची (देणगीवरची आयकर) सवलत आहे का आणि खर्चाचा हिशेब देणार का, हे लेखी विचारा. तोंडी 'हो' लगेच मिळतो, पण पैसे सर्वसाधारण निधीत जाऊन मिसळले की पुढे कुणालाच वेगळे काढता येत नाहीत. सही-शिक्क्याचं पत्र हातात येईपर्यंत क्यूआर कोड छापायला टाकू नका.

क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. स्वतःच्या खात्यात पैसे घेतले की देणगीदाराची सवलत जाते, आणि ट्रस्ट नसताना वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच.

सगळ्यात जास्त घोळ पावतीत होतो. यूपीआयने आलेले ५०० रुपये संस्थेच्या बँक विवरणात अर्धवट नाव आणि १२ अंकी क्रमांक एवढ्यावरच दिसतात. पॅन नाही, पत्ता नाही. मग पावती कुणाच्या नावाने फाडायची? क्यूआरखालीच गूगल फॉर्मची लिंक द्या: पॅनवर आहे तसं नाव, पॅन, पत्ता, रक्कम, तारीख, तो १२ अंकी क्रमांक. स्क्रीनशॉट मागवू नका, ते शोधत बसावे लागतात. २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास सवलत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. परदेशातल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. तो तिथला नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची) नोंदणी लागते.

या आजाराचा जागृती महिना सप्टेंबर. पुण्यात बहुतेक वर्षी तेव्हाच गणपती, म्हणजे दारात आधीच वर्गणीची पावतीपुस्तकं. सप्टेंबरात माहिती द्या, पैसे जानेवारी ते मार्चमध्ये मागा. करबचतीची आठवण लोकांना तेव्हाच होते. हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या कंपन्यांकडे मात्र मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही, तोवर सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेले, पैसे वाटून झालेले असतात. जूनच्या आसपास गाठा आणि संस्थेची सीएसआर-१ (हे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी असल्याची खात्री करूनच जा.

कार्यक्रम करायचाच तर सोसायटीच्या आवारात सकाळी ७ ची चालफेरी पुरे. रस्ता अडवला की परवानग्या आल्या. १०० जणांकडून ३०० रुपये धरले तर ३०,००० जमतात. त्यात प्रत्येकी २०० चा टी-शर्ट दिला की उरले १०,०००. टी-शर्ट नकोच. पर्वतीच्या पायऱ्या चढण्याची कल्पना कुणीतरी काढेलच. रक्तदाब सांभाळणाऱ्यांना बोलवायचं असेल तर ती बाजूला ठेवा.

बोलायचं तुम्ही, हिशेब दुसऱ्याने. या आजारानंतर थकवा, विसराळूपणा, मोठ्या आवाजाचा त्रास बराच काळ राहू शकतो. दहा मिनिटं, बसून, स्पीकरपासून लांब. अँजिओग्राफीची एक प्रिंट ए-४ कागदावर काढा. काळ्या फांद्यांसारख्या दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये तो छोटा फुगवटा पेनाने गोल करून दाखवला की लांबलचक भाषण लागत नाही. कोपऱ्यातलं नाव आणि रुग्ण क्रमांक आधी कापा.

"माझंही डोकं दुखतं," असं म्हणणारे भेटतीलच. निदान करू नका. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी झाली तर १०८ ला फोन, आणि घरात दोघांना हा आजार झाला असेल तर न्यूरोसर्जनला तपासणीबद्दल विचारा, एवढंच सांगा. हे दोन मुद्दे पत्रकाच्या मागच्या बाजूला छापून ठेवले तर तोंडी सांगताना चूक होत नाही.