तापाचा केसपेपर आणि पाण्याचा बॅरल

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, हौद, रांजण भरून ठेवलेले असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून दवाखान्यात तापाचा रुग्ण आला की त्याच दिवशी त्याच्या गल्लीतल्या आशाताईला कळलं पाहिजे.

केसपेपरवर तीन गोष्टी हमखास लिहा: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, त्याआधीचे 10 दिवस रुग्ण दिवसा कुठे होता, आणि पूर्ण पत्ता. एडिस दिवसा चावतो आणि चावल्यावर साधारण 4 ते 10 दिवसांनी ताप येतो. त्यामुळे यंत्रमाग कामगाराच्या घरी अळ्या सापडल्या नाहीत तर कारखान्यातला हौद बघा. पत्त्यात नुसतं ‘विडी घरकुल’ लिहून भागत नाही. सोलापूरलगतच्या कुंभारीत विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतच 10,000 घरं आहेत. घर नंबर नसेल तर आशाताईने शोधायचं कुठे? त्यात कुंभारी जिल्हा परिषदेकडे आणि कामाचं ठिकाण महापालिकेच्या हद्दीत. अशा वेळी दोन्हीकडे कळवा. हद्दीच्या या फटीतूनच रुग्ण निसटतात.

तापाच्या पहिल्या 5 दिवसांत एनएस-1 (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी), पुढे आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी), दोन्ही एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने. झटपट तपासणीचं रॅपिड किट पॉझिटिव्ह आलं तरी रक्तजल पक्क्या तपासणीला पाठवाच. मात्र रिपोर्टची वाट बघत बसू नका. संशयित रुग्ण कळताच आजूबाजूची 50 घरं तपासायला घ्या.

आता बॅरल. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ एवढंच सांगितलं तर कोणी ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे: जपून ठेवलेलं पाणी कोण ओतून देईल? पाण्याची पाळी कधी आहे ते विचारा. पाळीच्या आदल्या संध्याकाळी तळाशी उरलेलं पाणी धुण्याभांड्याला वापरायला सांगा आणि रिकामा बॅरल काथ्याने घासून घ्या. जोर द्यायचा तो पाण्याच्या रेषेच्या जरा वर. अंडी तिथे, भिंतीला चिकटलेली असतात, बारीक काळ्या ठिपक्यांसारखी. नुसतं विसळून ती निघत नाहीत. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. मग झाकण, किंवा सुती कापड दोरीने घट्ट बांधून. पाळी आठवड्यापुढे गेली तर पाणी फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि अळ्या कोरड्या मातीवर टाका, कारण अंड्यापासून डास व्हायला 8 ते 10 दिवस पुरतात. फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि गच्चीवरचे टायर विसरू नका. पूर्व भागात हे तेलुगूत सांगणारी ताई सोबत असली तर दार लवकर उघडतं.

धुरळणीची मागणी होईलच. धुराने उडणारे डास मरतात, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात.

पाहणीत तापाचे नवे रुग्ण सापडले तर त्यांना दवाखान्यात पाठवा. ताप उतरला तरी पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी दिसली तर थेट रुग्णालयात. तापाला पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

आठवड्याच्या आत आशाताईची चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर यावी: घरं पाहिली 50, अळ्या 6 घरांत, म्हणजे 12 टक्के, नवे ताप इतके. ही चिठ्ठी आली नाही तर डॉक्टर पुढच्या वेळी पत्ता लिहायचा कंटाळा करतात.