कॅथेड्रलचे वाइड फोटो काढायला निघण्याआधी

लेन्स बॅगेत टाकण्याआधी परवानगीचं बघा. नागपुरातली दोन्ही कॅथेड्रल सदर भागातच आहेत, पण विचारायचं कोणाला हे दोन्हीकडे वेगळं. ऑल सेंट्स कॅथेड्रल ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या प्रोटेस्टंट संस्थेचं आहे, तिथे पाळकांना भेटा. १९७० साली २९ नोव्हेंबरला या संस्थेची स्थापना तिथेच झाली, तेव्हा एवढ्या जागेला अर्धा तास देऊन उरकायचा विचार असेल तर जाऊच नका. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथलिक आहे, तिथे पॅरिशच्या फादरांना विचारायचं. नुसतं ‘फोटो काढू का?’ विचारलं तर बहुतेक वेळा ‘काढा ना’ असंच उत्तर येतं आणि ट्रायपॉडचे पाय उघडले की खरी चर्चा सुरू होते. म्हणून आधीच एका कागदावर लिहून द्या: ट्रायपॉड लागेल, दोन तास लागतील, फोटो कशासाठी हवेत, आणि थोडा वेळ दिवे-पंखे बंद करता येतील का. रविवार सोडा. पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरच्या आधीचा आठवडा) आसपास काही कॅथलिक चर्चमध्ये क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडाने झाकलेले असतात आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सजावट चढते, तेव्हा तारीख घेताना तेही विचारा.

आता ऊन. चर्चची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला अशी जुनी रीत. तसं असेल तर दर्शनी भागावर दुपारी तीननंतर ऊन येतं आणि वेदीमागची रंगीत काच सकाळी पेटते. पण आपल्याकडे प्लॉट आणि रस्ता बघून ही दिशा बऱ्याचदा वळवलेली असते, म्हणून आदल्या दिवशी जाऊन फोनवरच्या होकायंत्राने खात्री करा. नागपुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण सव्वाबाराला. डिसेंबरात तेव्हाही तो जेमतेम ४५ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे थेट फरशीवर येतात. डोळ्याला ते सुंदर दिसतात, पण सेन्सरची पंचाईत होते: पट्टा पांढराफट्ट आणि शेजारचं बाक काळंकुट्ट. मे अखेरीस सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पट्टे पडत नाहीत. पण त्या उकाड्यात पंखे-कूलर बंद करा म्हणायची सोय नसते. सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुचवतात. बाहेरच्या फोटोंना ते बरोबरच आहे. आतल्या फोटोंसाठी मात्र श्रावणातला ढगाळ दिवस जास्त चांगला, कारण काचेमागचं आकाश सारखं उजळलेलं असतं आणि एकच चौकट जळून जात नाही. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, काच धुरकटते. बॅग बंदच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं थांबा.

लेन्स निवडताना ‘जितकी वाइड तितकी भव्य’ हा समज घरीच ठेवा. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीचा मोठा सेन्सर) १६ मिमी आडवी धरली की साधारण ९७ अंश दिसतात, २४ मिमीत ७४. त्या जास्तीच्या अंशांची किंमत कडेला मोजावी लागते: १६ मिमीच्या अगदी डाव्या-उजव्या कडेला गोल वस्तू दीडपट लांबट होते, २४ मिमीत सव्वापट. खांबाचं गोल शीर्ष अंड्यासारखं दिसतं ते यामुळे. हा लेन्सचा दोष नाही, सरळ रेषा सरळ ठेवण्याचा तो हिशोब आहे, आणि सॉफ्टवेअरमधली लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सची तयार दुरुस्ती) लावून तो जात नाही. शिवाय वेदी, जी डोळ्याला मोठी वाटते, ती १६ मिमीत काडेपेटीएवढी होते. बहुतेक मुख्य फोटो २० ते २४ मिमीतच काढा. १६ ठेवा ती मागे भिंत लागली म्हणून. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर १०-२० किंवा १०-१८ मिमी झूम १५-१६ मिमीवर ठेवला की तो साधारण २४ मिमीसारखा.

खरी कसोटी कॅमेरा सरळ ठेवण्यात आहे. मनोरा मावत नाही म्हणून कॅमेरा वर उचलला की उभ्या भिंती आत झुकतात. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ताणून त्या सरळ होतात, पण दोन्ही कडा कापल्या जातात आणि वरचा भाग पसरट, मऊ पडतो. त्यापेक्षा मागे जा. किती, ते आधीच काढता येतं. समजा मनोरा २० मीटर उंच आहे आणि कॅमेरा दीड मीटरवर. कॅमेरा उभा आणि पूर्ण लेव्हलमध्ये धरला तर २४ मिमीने सुमारे २५ मीटर मागे जावं लागतं, १६ मिमीने साधारण साडेसोळा. खालचा निम्मा भाग नुसती जमीन येईल, तो कापून टाका. शिफ्ट लेन्स (कॅमेरा सरळ ठेवून नुसती वर सरकवता येते ती) मिळाली तर २४ मिमीवर १२ मिमी शिफ्टने हेच अंतर १५ मीटरच्या आत येतं आणि काही कापावंही लागत नाही. एका दिवसासाठी भाड्याने आणावी अशी हीच एक लेन्स. आदल्या फेरीत पावलांनी अंतर मोजून बघा: फाटक, कडुनिंब, विजेच्या तारा, उभ्या गाड्या यांत मोकळी जागा नेमकी कुठे उरते ते कागदावर कळत नाही.

आत गेल्यावर मधल्या वाटेचा बरोबर मध्य शोधा. डोळ्याच्या अंदाजाने नाही. टेप घेऊन दोन्ही बाजूंच्या बाकांच्या टोकांपासून अंतर मोजा. चार सेंटिमीटरचा फरकही कमानींत दिसतो, कारण वाइड लेन्स जवळचं मोठं करते. खाली फरशीची सांध्याची रेघ सापडली तर ट्रायपॉडचा मधला दांडा तिच्यावर आणा, पण रेघ इमारतीच्या मध्याशी जुळतेच असं धरून चालू नका. उंची १४० ते १६० सेंटिमीटर. खाली गेलात तर पुढचं बाकच अर्धी चौकट खातं. ट्रायपॉडला रबरी पाय हवेत, लोखंडी टोकं जुन्या फरशीवर ओरखडे काढतात.

दिवे बंद करून घ्या. ट्यूबचा हिरवट, बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळा उजेड एका भिंतीवर आला की कोणताही व्हाइट बॅलन्स पुरत नाही. दिवे राहिलेच तर इलेक्ट्रॉनिक शटर टाळा: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर वेगवान असेल तर चित्रात आडवे पट्टे येतात. पंख्यांचंही तसंच. लांब दांड्यांवरचे ते पंखे फिरत असले तर दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये (सेन्सरवर उजेड पडतो तो वेळ) छताखाली राखाडी तबकड्या लटकतात. बटण बंद केल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा.

सेटिंग आधीच ठरवून ठेवा: रॉ, आयएसओ १००, एफ/८, मॅन्युअल, दोन सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद. अंधाऱ्या सभागृहात एक्स्पोजर २ ते ४ सेकंद येतं. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने पाच फ्रेम घ्या आणि सगळ्यात गडद फ्रेममध्ये काचेचा लाल रंग लालच आहे ना, ते मोठं करून तपासा. नारिंगी झाला असेल तर आणखी एक फ्रेम त्याहून गडद. फोकस हाताने. १६ मिमी, एफ/८ वर एक मीटर दहा सेंटिमीटरला फोकस ठेवला तर अर्ध्या मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं येतं, पण दूरची वेदी कडक हवी असेल तर तीन मीटरवर ठेवा. नंतर फोकस रिंगवर टेपचा तुकडा चिकटवा. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) काढा, वाइडमध्ये आकाश अर्धं निळं अर्धं फिकट येतं. फुगीर काचेच्या लेन्सवरचा एक बोटाचा ठसाही खिडकीसमोर मोठा डाग होतो, मायक्रोफायबरचे दोन रुमाल ठेवा.

कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल तर तिथे पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली पवित्र भाकर) ठेवलेलं असतं. कठड्याच्या आत पाय टाकू नका, समोरून जाताना थांबून वाका. वेदीवरच्या मेणबत्त्या, फुलदाण्या स्वतः सरकवू नका, सेवकाला सांगा. बाकं हलवली असतील तर हलवण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा, निघताना तो बघूनच जागच्या जागी लावा. मग ट्रायपॉडची प्लेट, टेप आणि लेन्सचं झाकण मोजून घ्या. झाकण बहुतेक पहिल्या बाकाखाली सापडतं.