तांबड्या भोपळ्याचे दाटसर सूप: आठवड्यातल्या रात्रीसाठी आधी करायची तयारी

संध्याकाळी साडेसातला घरात पाऊल टाकणाऱ्या माणसाला सव्वाआठपर्यंत गरम, दाटसर सूप पानाशेजारी हवे असेल, तर चिरण्या-निवडण्याची कामे त्या वेळेपूर्वीच संपलेली असली पाहिजेत. सूप शिजायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो भोपळ्याचे साल काढण्यात, लसूण सोलण्यात आणि मिक्सरचे भांडे शोधण्यात. पुढील तयारी चार माणसांपुरत्या तांबडा भोपळा व मुगाच्या डाळीच्या सुपाची आहे. हे सूप निवडण्याचे कारण साधे आहे: भोपळा वर्षभर मिळतो, कुकरमध्ये पटकन शिजतो आणि वाटल्यावर त्याचा गर आपणहून मलईसारखा होतो. त्यात डाळीचा पिष्टमय भाग आणि काजूतील स्निग्धता मिसळली की विकतच्या क्रीमची गरज उरत नाही. पातळ सुपात शेवटी क्रीम ओतले तर ते जिभेवर पहिल्या घोटाला मऊ लागते, पण दाटपणा टिकत नाही. म्हणून मलईदारपणा शिजवण्याच्या आणि वाटण्याच्या टप्प्यातच मिळवावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे मुगाचे कढण याच तत्त्वावर होत आले आहे.

भाजी शनिवारी किंवा रविवारी आणावी. सालासकट साधारण ६०० ग्रॅम वजनाची भोपळ्याची फोड घ्यावी, म्हणजे साल, बिया आणि आतले धागे काढल्यावर ४०० ते ४५० ग्रॅम गर हाती येतो. अख्ख्या लहान भोपळ्यापेक्षा कापून ठेवलेली फोड घेणे सोयीचे, कारण आतला रंग दिसतो. गडद केशरी आणि घट्ट गर असलेली फोड गोड व दाट निघते, तर फिकट पिवळा, पाणीदार गर असलेल्या फोडीचे सूप पातळ होते आणि मग ते दाट करण्यासाठी कॉर्नफ्लोअरकडे हात जातो. कापलेल्या कडा चिकट झाल्या असतील तर ती फोड घेऊ नये. साल कठीण असते, म्हणून फोडीची सपाट बाजू पाटावर टेकवून वरून खाली सुरी चालवावी. फोड हातात धरून सोलताना सुरी निसटते. गराचे एक इंचाचे चौकोनी तुकडे करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवले तर तीन दिवस चांगले राहतात. त्याहून पुढच्या दिवसासाठी ताटलीत एका थरात पसरून फ्रीझरमध्ये गोठवावेत आणि नंतर पिशवीत भरावेत, म्हणजे त्यांचा एकच गोळा होत नाही. गोठल्यावर भोपळा मऊ पडतो, पण येथे तो शेवटी वाटायचाच असल्याने काही बिघडत नाही, आणि तुकडे गोठलेल्या अवस्थेतच थेट कुकरमध्ये घालता येतात.

त्याच बैठकीत एक मध्यम कांदा उभा चिरून, पाच-सहा लसूण पाकळ्या सोलून आणि आल्याचा इंचभर तुकडा स्वच्छ करून ठेवावा. आठवड्यात दोनदा सूप करायचे असेल तर दुप्पट कांदा-लसूण चमचाभर तुपावर मंद आचेवर परतून, निववून, फ्रिजमध्ये ठेवावा. तीन-चार दिवस तो उत्तम राहतो आणि संध्याकाळची सात-आठ मिनिटे वाचतात. सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तशा जागी घातक विष तयार करणारे जीवाणू वाढू शकतात. चातुर्मासात किंवा एरवीही ज्यांच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य असतो, त्यांनी तुपात जिरे आणि हिंग थोडे सढळ हाताने घालावे व आल्याचे प्रमाण दीडपट करावे. भोपळ्याच्या गोडीला तिखट, उग्र अशा कशाचा तरी आधार लागतोच. तो नसला तर सूप लहान मुलाच्या पेजेसारखे लागते.

कोरड्या जिनसांपैकी मुगाची पिवळी डाळ पाव वाटी, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम लागते. ती भिजवावी लागत नाही, फक्त दोन-तीन पाण्यांतून धुवावी. मसूर डाळही चालते, तिचा स्वाद थोडा वेगळा येतो इतकेच. काजू अख्खे घेण्याचे कारण नाही. कोकणातून येणारा किंवा वाण्याकडे मिळणारा काजू तुकडा अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त असतो आणि वाटायच्या कामाला तितकाच उपयोगी पडतो. दोन मोठे चमचे पुरेत. कोणी पाहुणे येणार असतील तर त्यांना काजू चालतात का, हे आधी विचारून घ्यावे, कारण वाटलेल्या सुपात काजू दिसत नाही आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याला कळणार नाही. तशा वेळी तेवढाच मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, घालावा, किंवा वाटून झाल्यावर अर्धी वाटी नारळाचे दाट दूध मिसळावे. याखेरीज दोन चमचे साजूक तूप, जिरे, मिरे, हळद, मीठ आणि अर्धे लिंबू एवढेच सामान लागते. मिरे अख्खे ठेवून ऐन वेळी कुटावेत. महिनाभर डब्यात राहिलेल्या मिरपुडीत तिखटपणा उरतो, वास उरत नाही.

सकाळी घरातून निघण्यापूर्वी पाच मिनिटांचे काम करावे. भोपळा फ्रीझरमध्ये असेल तर पिशवी खालच्या कप्प्यात आणावी. डाळ व काजू एका वाटीत एकत्र मोजून झाकून ठेवावेत. कुकरची रिंग जागेवर आहे का, तिला चीर गेलेली नाही ना, आणि शिट्टी बसते त्या नळीचे छिद्र मोकळे आहे का, हे उजेडाकडे धरून पाहावे; डाळीचा फेस अडकून हे छिद्र बुजलेले असते आणि रात्री घाईत ते कोणी तपासत नाही. मिक्सरचे मोठे भांडे, त्याचे झाकण आणि एक खोलगट पातेले ओट्यावर काढून ठेवावे.

आता संध्याकाळ. कुकर तापवून त्यात तूप घालावे, जिरे तडतडले की कांदा, लसूण व आले घालून चार-पाच मिनिटे परतावे. कांदा पारदर्शक झाला की पुरे. तो तांबूस केला तर सुपाचा केशरी रंग मळकट होतो. त्यावर भोपळा, धुतलेली डाळ, काजू, पाव चमचा हळद, एक चमचा मीठ आणि ४०० मिलिलिटर पाणी घालावे. काजू वेगळे भिजवण्याची गरज राहत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे: कुकरमध्ये दाबाखाली पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्या उष्णतेत काजू डाळीबरोबरच मऊ होतात. डाळ असल्यामुळे कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या करून गॅस बंद करावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. ही दहा मिनिटे हातपाय धुवायला, पाने मांडायला आणि तोंडीलावण्याच्या तयारीला मिळतात.

सर्वांत जास्त सावधगिरी वाटण्याच्या वेळी लागते. एकदा भूक लागलेल्या मुलांच्या घाईने मी कुकरमधले सूप तसेच मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ ओतले. बटण फिरवताच कोंडलेली वाफ पसरून झाकण उडाले आणि मनगटावर भाजल्याची खूण कित्येक आठवडे राहिली. तेव्हापासून मी पाळत असलेली पद्धत अशी आहे. झाऱ्याने भोपळा, डाळ व काजू उपसून मिक्सरच्या भांड्यात घ्यावेत आणि पातळ भाग कुकरमध्येच राहू द्यावा. भांड्यात १०० मिलिलिटर माठातले किंवा फ्रिजमधले गार पाणी घालावे, म्हणजे वाटणाची उष्णता थोडी उतरते, तरी ते गरमच असते. भांडे निम्म्यापेक्षा कमी भरावे, झाकणाच्या मधली लहान टोपी काढून तेथे दुहेरी घडीचे फडके धरावे, आणि आधी दोन-तीनदा क्षणभर फिरवून मगच मिक्सर सलग चालवावा. एक मिनिटभर वाटले तर सूप गुळगुळीत होते, दोन मिनिटे वाटले तर मलईसारखे होते. या जास्तीच्या एका मिनिटात काजूतील तूपकट अंश पाण्यात बारीक कणांनी मिसळून जातो आणि रंगही किंचित फिकट, दुधट होतो. ज्यांच्याकडे हँड ब्लेंडर आहे त्यांनी तो थेट कुकरमध्ये चालवावा, मात्र पाते पूर्ण बुडाल्याशिवाय सुरू करू नये.

वीज गेली तरी सूप अडत नाही. पुरणयंत्राला बारीक जाळी लावून शिजलेला भोपळा आणि डाळ त्यातून काढली तर उत्तम मऊ गर मिळतो. काजू मात्र त्यातून नीट जात नाही, म्हणून ज्या दिवशी विजेचा भरवसा नसेल त्या दिवशी काजूऐवजी नारळाचे दूध योजावे.

वाटलेला गर कुकरमधल्या पाण्यात मिसळून पातेल्यात ओतावा आणि आणखी १५० ते २०० मिलिलिटर गरम पाणी थोडेथोडे घालत दाटपणा ठरवावा. चमचा सुपात बुडवून वर काढल्यावर त्याच्या पाठीवर पातळ थर टिकला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, तर दाटपणा योग्य आहे. मंद आचेवर ढवळत एक उकळी आणावी. दाट सूप उकळताना बुडबुडे फुटून बाहेर उडते, तेव्हा हात लांब ठेवून लांब दांड्याचा डाव वापरावा. मीठ या वेळी चाखून पाहावे. मिरपूड वाढताना घालावी, आणि लिंबू प्रत्येकाच्या वाटीत चार-पाच थेंब पिळावे.

दूध, साय किंवा क्रीम घालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साय घालायची असेल तर ती आजच्या दुधावरची ताजी असावी. लोण्यासाठी आठवडाभर साठवलेल्या सायीत विरजण लागलेले असते, ती आंबूस असते आणि उकळत्या सुपात पडताच तिच्या कण्या होतात. ताजी सायही तशीच टाकली तर तिचे पापुद्रे तरंगतात, म्हणून दोन चमचे दुधात घोटून घ्यावी. डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो आणि इतके हलके क्रीम जोरात उकळले तर फाटण्याची शक्यता असते, त्यामुळे गॅस बंद केल्यावर, आधी पळीभर गरम सूप क्रीममध्ये कालवून, मग ते मिश्रण पातेल्यात घालावे. दूध-क्रीम घातलेल्या सुपात लिंबू पिळू नये.

हाच नियम टोमॅटोच्या सुपाला अधिक कडकपणे लागू होतो. दुधातील केसीन हे प्रथिन सुमारे ४.६ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचे माप) साकळते आणि टोमॅटोची आम्लता त्याच्याच आसपास असते, म्हणून टोमॅटोच्या सुपात दूध फाटते यात करणाऱ्याची चूक नसते. भोपळ्याऐवजी टोमॅटो घ्यायचे झाल्यास दुधाचा मार्ग सोडून काजूच वापरावा. दुधी भोपळा घेतल्यास पाणी १०० मिलिलिटरने कमी करावे, कारण त्याला स्वतःचेच पाणी खूप सुटते. पालक घ्यायचा असेल तर तो कुकरमध्ये शिजवू नये, नाहीतर त्याची हिरवाई जाऊन शेवाळी रंग येतो. डाळ, कांदा व काजू शिजल्यावर उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढलेली पाने वाटताना मिसळावीत.

रात्रीच्या जेवणाचा विचार करता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ५० ग्रॅम मुगाच्या डाळीत साधारण १२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चौघांत वाटल्यावर डाळीतून प्रत्येकाच्या वाट्याला तीनच ग्रॅम येतात. दिवसभर काम करून आलेल्या माणसाचे एवढ्यावर पोट भरत नाही आणि तो दहा वाजता पुन्हा डबे उघडतो. म्हणून सुपाबरोबर मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ, तव्यावर परतलेले पनीरचे तुकडे किंवा थालीपीठ यांपैकी एक काहीतरी असावे. कुरकुरीतपणासाठी शिळ्या लादीपावाचे चौकोनी तुकडे थोड्या तुपावर मंद आचेवर तांबूस करून घ्यावेत. पाव नसेल तर सकाळच्या पोळीच्या पट्ट्या तशाच भाजल्या तरी चालतात. हे तुकडे वाटीत घालून मुलांना द्यावेत आणि मोठ्यांनी वेगळ्या ताटलीत घ्यावेत, कारण सुपात पडल्यावर दोन मिनिटांत ते मऊ होतात.

उरलेले सूप ओट्यावर रात्रभर राहू देऊ नये. उथळ भांड्यात पसरून निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. तेथे ते दोन दिवस चांगले राहते. फ्रीझरमध्ये ठेवायचे असेल तर दूध-क्रीम न घालता ठेवावे आणि गोठताना सूप फुगते म्हणून डबा वर बोटभर रिकामा सोडावा. फ्रिजमध्ये ते घट्ट बसते, तेव्हा गरम करताना थोडे पाणी घालून, तळापासून ढवळत, पूर्ण उकळी आणावी. एखादीच वाटी उरली असेल तर ती गरम करण्याऐवजी दुसऱ्या सकाळी थालिपिठाच्या भाजणीत पाण्याच्या जागी घालून पीठ भिजवावे. वेगळे तिखट-मीठ चाखून मगच घालावे, कारण सुपातले मीठ पिठात उतरलेले असते.