बाहेरून एम.ए. करायचंय? आधी स्कूलची यादी उघडा

लालबागच्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी टेबलावर मी असते. नोकरी करणारी मुलं-मुली विचारतात, "ताई, बाहेरून एम.ए. करायचंय, कशात करू?" आणि उत्तरही स्वतःच देतात: इतिहास, नाहीतर राज्यशास्त्र. कारण मैत्रिणीनं तेच केलेलं असतं. आवड असेल तर जरूर करा. पण बाकी काय आहे ते न बघताच ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

इग्नूचंच, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचंच घ्या. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात २१ स्कूल आहेत, म्हणजे विद्याशाखा. वेबसाइटवर पदव्यांची यादी उघडली की नजर ओळखीच्या नावांवरच थांबते. म्हणून आधी स्कूलची यादी उघडा आणि एकेक स्कूल आतून बघा. सामाजिक शास्त्रांच्या स्कूलमध्ये अर्थशास्त्राच्या शेजारीच मानवशास्त्र आणि 'गांधी व शांतता अभ्यास' यांचं एम.ए. आहे. आंतरविद्याशाखीय स्कूलमध्ये लोकसाहित्य व संस्कृती अभ्यास सापडतो. भाषांतर, लिंगभाव, विस्तार व विकास यांना तर स्वतंत्र स्कूल आहेत. गांधी अभ्यास आणि मानवशास्त्राला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.कॉम. झालेल्या मुलींना हे सांगितलं की त्यांचा विश्वासच बसत नाही.

नाव आवडलं म्हणून लगेच फी भरू नका. ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर इग्नूची पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. त्यातलं एक युनिट लोकलमध्ये वाचून बघा. मग विद्यापीठाच्या साइटवरून त्या विषयाची असाइनमेंटची प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. गांधी अभ्यासाचे पेपर 'एमजीपी' या कोडखाली असतात. त्यातला एक प्रश्न वाचा आणि स्वतःला विचारा, यावर स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शब्दांत चार पानं लिहावीशी वाटतात का? बहुतेक पेपरांत असाइनमेंटला ३० टक्के वजन असतं, बाकी ७० सत्रांत परीक्षेला. लिहायचाच कंटाळा येत असेल तर विषय बदला. गांधी अभ्यास घेणाऱ्यांना मी गावदेवीच्या मणिभवनातही पाठवते. गांधीजी मुंबईत जिथे उतरत त्या घरात आज ग्रंथालय आहे, आणि असं ठिकाण एवढ्या जवळ असणं हे मुंबईकर विद्यार्थ्याचं भाग्यच.

माध्यम तपासा. काही अभ्यासक्रम फक्त इंग्रजीत असतात. मराठीतूनच शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि आपल्या मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा दूरशिक्षण विभाग, दोन्हींच्या याद्या अशाच शेवटपर्यंत वाचून काढा. तसंच प्रत्येक अभ्यासक्रम प्रत्येक अभ्यासकेंद्रावर चालत नाही. फील्डवर्क किंवा प्रात्यक्षिक असेल तर फी भरण्याआधी केंद्रावर जाऊन विचारा.

मान्यतेच्या बाबतीत कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, एजंटाच्या तर मुळीच नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण ब्युरोच्या (डीईबी) साइटवर विद्यापीठाचं नाव दिसलं एवढ्यावर भागत नाही. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशसत्र, दोन्ही तिथे दिसायला हवं. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा या पदव्या दूरशिक्षणातून देता येत नाहीत, त्यामुळे "घरबसल्या एलएल.बी." म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आता प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा विद्यार्थी ओळख क्रमांकही काढावा लागतो. त्यातलं नाव मार्कशीटवरच्या नावाशी जुळतंय ना ते बघा, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी.

इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै, असे वर्षातून दोनदा होतात. दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं. तेव्हा ऑफिसात मार्चएंडची धावपळ चालू असेल तर घाईनं फॉर्म भरू नका, जुलैचं सत्र धरा आणि तोवर ती असाइनमेंट वाचून ठेवा.