पूका, ब्लॅकबेरी आणि हरवलेली पेटी : आयरिश गावातली हलकीफुलकी रहस्यकथा कशी लिहावी

गाव, पात्रं आणि गुन्हा एका दुपारी उरकून टाका. गाव काल्पनिक चालेल, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) मात्र खरी हवी. मी क्लेअर घेते. एक पब, एक पोस्ट, एक चर्च आणि सगळ्यांच्या चौकशा करणारी एक निवृत्त बाई. तिथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात आणि गावातला साधा गार्डा बंदूक बाळगत नाही, तेव्हा गोळीबार विसरा. खूनही लागत नाही. चर्चच्या छपरासाठी जमवलेल्या पैशांची पेटी गेली, तेवढ्यावर अख्खं गाव जागं राहतं.

लोककथांचा मसाला इंटरनेटवरच्या ‘आयर्लंडची दहा भुतं’ छाप याद्यांतून उचलू नका. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या प्राथमिक शाळांतल्या हजारो मुलांनी आजीआजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी वह्यांत उतरवल्या. त्या वह्या आज ऑनलाइन फुकट वाचता येतात.

आणि कृपा करून ‘परी’ लिहू नका. आपली परी म्हणजे पंख आणि जादूची छडी. तिकडची मंडळी टेकाडांत राहतात, रुसतात, सूड घेतात. त्यांचं आयरिश नाव ‘शी’. मराठीत ते लिहून कथा गंभीर ठेवणं मला तरी जमलेलं नाही! तिथले लोकही थेट नाव टाळून ‘भली माणसं’ म्हणतात, जसं आपण रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतो. मीही ‘भली मंडळी’ लिहिते.

आता खरी अडचण. माझ्या पहिल्या खर्ड्यात भल्या मंडळींनीच पेटी परत आणून ठेवली. बहिणीने वाचून विचारलं, “मग त्या बाईने वीस प्रकरणं काय केलं?” दुसऱ्या खर्ड्यात मी उलट्या टोकाला गेले: सगळी भुतं म्हणजे पांढरी चादर पांघरलेला खजिनदार. तो आणखी वाईट, कारण त्यात पबमधले सगळे म्हातारे मूर्ख ठरले. मग कळलं की भुतं खरी की खोटी, हा प्रश्नच रहस्यकथेचा नाही. लोक त्यांच्यामुळे काय करतात आणि काय टाळतात, एवढंच आपल्या कामाचं.

म्हणजे असं. शेतातलं एकटं हॉथॉर्नचं काटेरी झाड भल्या मंडळींचं मानतात, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. हा विश्वास आजही जिवंत आहे: १९९९ मध्ये क्लेअरमधल्या लटून इथलं असं झाड नव्या रस्त्याच्या आड येत होतं. कथेकरी एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झाड वाचलं. आता पेटी त्या झाडाखाली पुरा. तिथे कोणी खणणार नाही, हे चोराला पक्कं ठाऊक आहे. पण मग खुद्द चोराने खणलं कसं? तो एकतर बाहेरचा, नाहीतर फारच अडलेला. संशयितांची यादी अर्धी झाली आणि एकही भूत पानावर आलं नाही.

दुसरा सुगावा पूकाचा. हा रूप बदलणारा खट्याळ प्राणी; सावन या आयरिश सणाला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री, तो ब्लॅकबेरींवर थुंकतो, त्यानंतर त्या खायच्या नाहीत. हे दुसऱ्या प्रकरणात पबमधला विनोद म्हणून सांगून टाका. अठराव्या प्रकरणात गावातच वाढलेली एक बाई सांगते, “पेटी गेली त्या संध्याकाळी मी मुरंब्यासाठी ब्लॅकबेरी तोडत होते.” तारीख ३ नोव्हेंबर. पूकावर विश्वास नसलेल्यालाही तोवर बेरी ओलीने बुरसलेल्या असतात हे ठाऊक असतं. सुगाव्याला असे दोन पाय हवेत, एक कथेत आणि एक मातीत. नुसत्या कथेच्या पायावर उभा सुगावा वाचक ढकलून पाडतो.

बॅन्शी वापरायची तर जपून. ती ठरावीक जुन्या घराण्यांतला मृत्यू रडून कळवते, कोणाला मारत नाही. तिला खुनी करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एकही मूळ कथा वाचलेली नसते. आणि ‘बदललेलं माणूस’, म्हणजे भल्या मंडळींनी खरं माणूस नेऊन त्या जागी ठेवलेली नक्कल, या विषयाला हलक्या कथेत हातच लावू नका. १८९५ मध्ये टिपररीत ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने याच समजुतीपायी जाळलं. तिथे गंमत नाही.

उलगडा नेहमीसारखा: सगळे पबमध्ये, निवृत्त बाई बोलते, गार्डा टिपून घेतो.

शेवटी गुन्ह्याशी संबंध नसलेली एकच गोष्ट उलगडायची ठेवा. मी उंबऱ्याबाहेर दुधाची बशी ठेवते आणि सकाळी ती रिकामी दाखवते. पुढच्या पानावर मांजर आणू नका.