कॉमिक्स बघून चित्रं काढायला लागताय? आधी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन या

लहानपणापासून कॉमिक्सचं वेड आहे आणि आता नोकरी-संसार सांभाळून हौस म्हणून पेन्सिल हातात घ्यावीशी वाटतेय, अशांसाठी लिहितेय. पेन्सिल कुठली, कागद कुठला यावर वेळ घालवत नाही, टूबी पेन्सिल आणि साधी ड्रॉइंगची वही पुरते.

मला बोलायचंय ते आकाराबद्दल. आपण काय करतो, पुस्तक उघडतो, आवडलेला पॅनल शोधतो आणि तो आहे तेवढाच वहीत काढायला बसतो. चार बोटं रुंदीच्या चौकटीत नाक, डोळे, मिशा, सगळं. रेष जाड येते, थरथरते, डोळ्याच्या जागी नुसता शाईचा ठिपका होतो आणि मग मनात पक्कं बसतं की आपला हातच नाही चित्रकलेचा. मी खूप काळ हेच धरून बसले होते, अजून आठवलं की जीव हळहळतो, कारण हाताचा दोष नव्हताच. छापलेलं चित्र हे बहुतेक वेळा मूळ चित्र लहान करून छापलेलं असतं. अमेरिकन कॉमिक्सचं पान चित्रकार साधारण 10 बाय 15 इंचात काढतात आणि छापताना ते जवळपास दोन तृतीयांश होतं. साधारण 1967पर्यंत तर तिकडे छापील पानाच्या दुप्पट आकारात काढायची पद्धत होती. चित्र लहान झालं की रेषेची जाडी कमी होते, थरथर दबून जाते, सगळं कसं घोटीव दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही ज्या रेषेशी बरोबरी करताय ती त्या आकारात कुणी काढलेलीच नाही!

म्हणून झेरॉक्सवाल्याला सांगा, हा पॅनल 200 टक्के मोठा करून दे. तो समोर ठेवा आणि बघून तेवढाच मोठा काढा, मनगट टेकवून नव्हे, कोपरातून हात फिरवत. पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवा, वाळू द्या आणि आता स्वतःचं चित्र 50 टक्के लहान करून आणा. हे एकदा तरी कराच. कालपर्यंत जी रेष बघून वही मिटावीशी वाटत होती तीच नीट, आवळलेली दिसते. मोठ्या झेरॉक्समध्ये आणखी एक कळतं, हनुवटीखाली रेष जाड का आहे, उजेडाच्या बाजूला ती मध्येच का सोडून दिलीय, निब कुठे दाबलीय.

गिरवू मात्र नका. ट्रेसिंगची ॲप असोत नाहीतर खिडकीच्या काचेवर कागद धरणं असो, माझं मत सरळ आहे, त्याने हात शिकतो पण डोळा शिकत नाही. गिरवलेला चेहरा दुसऱ्या बाजूला वळलेला काढून बघा, जमणार नाही.

आणि 'कार्टून नंतर, आधी दोन वर्षं मडकी-भांडी काढा' म्हणणारे सर भेटले तर नमस्कार करून पुढे जा. स्टिल लाइफ, म्हणजे समोर वस्तू मांडून त्या काढणं, वाईट नाही, पण ज्याच्यावर प्रेम आहे तेच बंद केलं तर हौस आठवड्यात मरते, मी मरताना पाहिलीय. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, त्यामुळे कुणी एकाने नाही म्हटलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ते रोज काढत राहिले हेही विसरू नका, हौस आहे म्हणून सराव टळत नाही.

वाचताना मात्र नुसतं वाचा. गोष्ट संपेपर्यंत पेन्सिल दूर ठेवा, हसू आलं तर हसा, मग मागे येऊन बघा की हसू नेमकं कशाने आलं. त्यासाठी शि. द. फडणीस बघाच. त्यांच्या कितीतरी चित्रांत एक शब्द नसतो, त्यामुळे माणूस उभा कसा आहे, मान कुठे वळलीय, नजर कुठे आहे यावरच सगळा विनोद तोललेला असतो. 'चिंटू' पण घ्या, रेषा इतक्या कमी की नवख्याला धीर येतो, आणि काढायला बसलं की कळतं कमी रेषांत लपायला जागाच नसते.

जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळतात. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी घ्या, आतल्या पानांवरची व्यंगचित्रं बऱ्याचदा शाबूत असतात आणि काळ्या शाईची असल्यामुळे झेरॉक्सही स्वच्छ येते.