मलमलचा कुर्ता, आतूनही नेटका

मलमल आणल्या दिवशी कात्री लावू नका. रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. आटायचं ते आधीच आटू दे. मशीनला 11 नंबरची सुई घाला, जाड सुईनं भोकं दिसतात.

बाजूची शिवण मी दोनदा घालते, त्यासाठी कापतानाच पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडते. सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर पहिली टीप मारायची. कडा निम्म्या छाटायच्या. मग कापड उलटवून, शिवण इस्त्रीनं बसवून दुसरी टीप, छाटलेल्या कडा आत बंद होतील अशी. वेळ दुप्पट लागतो, पण उन्हाळ्यात घामेजल्या अंगाला एक दोरा टोचत नाही. एवढ्यासाठी तरी घाई करू नये.

घेराची दुमड हातानंच घाला: एकेरी दोरा, बारीक टाके.